अर्धवट खुडूक

"तुझ्या त्या पांढऱ्या कोंबड्या बसत नाहीत," ताई फोनवर म्हणाली. कसा आहेस, काय चाललंय, असलं काही नाही. ताईचे फोन असेच मधूनच सुरू व्हायचे आणि मधूनच संपायचे.

पारा दाढी करत होता. एका गालावर फेस, एक गाल साफ. त्यानं फोन साफ गालाला लावला.

"कुठं बसत नाहीत?"

"अंड्यांवर. कोंबडीनं आणखी कुठं बसायचं असतं?"

पारा हे त्याचं खरं नाव नव्हतं. शहराबाहेरच्या उबवणी केंद्रात त्यानं सव्वीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची पंधरा यंत्रांसमोर. खोलीएवढं एकेक यंत्र, आत हजारो अंडी, आणि दाराशी उभा राहून हा तापमान वाचायचा: साडेसदतीस, साडेसदतीस, साडेसदतीस. तिथल्या लोकांनी त्याचं नाव पारा पाडलं आणि ते घरापर्यंत येऊन पोचलं. स्वभावाशी त्याचा काही संबंध नव्हता; या माणसाचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. निवृत्त झाला तेव्हा केंद्रानं त्याला भिंतीवरचं एक घड्याळ आणि अंड्यावर येऊ घातलेल्या बारा पांढऱ्या कोंबड्या दिल्या. घड्याळ त्यानं ठेवलं, कोंबड्या ताईला नेऊन दिल्या.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. बसच्या शेवटच्या थांब्यापासून चालत वीस मिनिटं गेलं की दगडाची खाण लागायची, आणि खाणीच्या मागच्या अंगाला तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा खाणीतच कामाला होता. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. खाणीच्या कॅन्टीनला ती अंडी पुरवायची. तेवढ्यावर तिचं भागायचं आणि तेवढ्यासाठी सकाळी उठायला तिला कारणही असायचं. पूर्वी एक माणूस सायकलवर खोके बांधून पिल्लं विकायला यायचा. तो यायचा बंद झाला. केंद्र तर पाचशेच्या खाली पिल्लं देतच नव्हतं. पांढऱ्या कोंबड्यांनी चार वर्षं भरभरून अंडी दिली होती, पण आता त्या थकल्या होत्या. अंड्यांची टरफलं कागदासारखी होत चालली होती.

"मी त्यांना टोपलीत बसवलं," ताई सांगत होती. "अंधार केला, वरून पोतं टाकलं. अर्ध्या तासात सगळ्या बाहेर. थांबा आल्यावर बसमधून उतरतात ना लोक, तशा."

पाऱ्याला हसू आलं. "त्या बसणारच नाहीत ताई. त्यांच्यातलं ते काढून टाकलेलं आहे."

"कोणी काढलं?"

फेस सुकून गाल ओढल्यासारखा वाटत होता.

"आम्ही," तो म्हणाला.

मग त्यानं तिला सांगितलं. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. यंत्रांवर यायच्या आधीची अकरा वर्षं तो पैदाशीच्या शेडमध्ये होता. रोज सकाळी रांगेनं प्रत्येक घरट्यात हात घालायचा. कोंबडी उठून गेली तर ठीक. पण एखादी अंग फुलवून, पंख पसरून जागेला चिकटून राहिली, घशातून खुर्रर्र आवाज काढायला लागली, हाताला टोचली, तर ती खुडूक. खुडूक कोंबडी अंडी घालायचं थांबवते आणि नुसती बसून राहते, म्हणजे केंद्राच्या दृष्टीनं कामातून गेली. तिच्या पायात लाल कडी घालायची. लाल कडीवाल्या आठवड्याभरात पैदाशीतून बाद. त्यांची अंडी पुढे जायची नाहीत, म्हणजे त्यांच्यासारख्या मुली जन्मायच्या नाहीत. असं वर्षानुवर्षं केल्यावर ज्या उरल्या त्या या पांढऱ्या. अंडं घालायचं आणि मागे वळूनही बघायचं नाही.

ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"मग ज्या बाद केल्यास त्यातल्या दोन शोधून आण," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

पाऱ्याला यात एक अडचण होती, ती त्यानं बायकोलाही नीट सांगितली नव्हती. ताईनं आता तिथून उठावं आणि आपल्याकडे राहायला यावं, असं त्याच्या मनात होतं. एकोणसत्तर वर्षांची बाई, शेजार म्हणजे खाणीचा पहारेकरी, वीज येऊन जाऊन. मागची खोली त्यानं रंगवूनही घेतली होती. कोंबड्या थकल्या की ताईही आपोआप थकेल, असा त्याचा हिशेब होता. आणि आता तिला अशा कोंबड्या हव्या होत्या, ज्या आपल्या आपण पिल्लं काढत राहतील, म्हणजे तिला कोणाकडे मागायलाच नको.

"आणणार आहात का मग?" बायकोनं विचारलं.

"बघतो."

"तुमच्या 'बघतो'चा अर्थ मला तीस वर्षांत कळला नाही."

तरी तो बाहेर पडला. ताईनं काही मागितलं आणि त्यानं नाही म्हटलं, असं झालं नव्हतं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याच्या शाळेचा डबा ताईनं भरला होता, स्वतःची शाळा सोडून.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक घड्याळवाला होता. दुकान एवढंसं, की गिऱ्हाइकानं आत पाय टाकला तर घड्याळवाल्याला उभं राहावं लागे. पण वर गच्चीवर त्यानं तऱ्हेतऱ्हेच्या कोंबड्या पाळल्या होत्या. पारा गेला तेव्हा तो डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून त्याला वर घेऊन गेला. गच्चीवर जाळीचे कप्पे होते, स्वच्छ झाडलेले, प्रत्येकावर खडूनं काहीतरी लिहिलेलं.

"तुम्ही केंद्रातले," घड्याळवाला म्हणाला. "तुम्हाला मी काय सांगणार?"

"मला अंडी देणाऱ्या कळतात. बसणाऱ्या मी फक्त हाकलल्या आहेत."

घड्याळवाल्यानं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग त्याच्या बोलण्यातला परकेपणा गेला.

पहिल्या कप्प्यात एक पांढरी, कापसाच्या बोंडासारखी कोंबडी होती. "ही सिल्की. हिला बसायचं वेड आहे. अंडी नसली तर दगडावर बसेल, दगड नसला तर नुसती बसेल. पण जीव केवढा, बघा. अंगाखाली पाच-सहा अंडी मावतात. आणि पिसं अशी की ओल धरतात. उघड्यावरच्या घरात टिकायची नाही."

पुढच्या कप्प्यात मोठी, भारदस्त, पायांच्या बोटांपर्यंत पिसं आलेली पिवळट कोंबडी होती. "ही कोचीन. शांत. बसते चांगली, पिल्लंही सांभाळते. पण वजन बघा. पाय जपून टाकला नाही तर अंडं फुटतं. मनानं चांगली, अंगानं जड."

"आणि ही?"

कोपऱ्यात एक तांबूस, मध्यम अंगाची कोंबडी होती. डोक्यावर विस्कटलेल्या पिसांचा झुबका, झोपेतून उठवल्यासारखा.

"ही बिनजातीची. बाप सिल्की, आई तांबडी, अंड्यांची. आईला बसणं माहीत नव्हतं, बापाकडून काय आलं असेल ते असेल. हिची एक बहीण बसली, दुसरी नाही बसली. ही अजून कळायची आहे." घड्याळवाल्यानं दाणे टाकले. "एक सांगतो. जातीवरून नुसता अंदाज येतो. कोंबडी घेताना तिची आई बसली होती का ते विचारायचं, आजी बसली होती का ते विचारायचं. आणि बसणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे. एकवीस दिवस बसून राहणं."

पाऱ्यानं कोचीन घेतली आणि ती तांबूसही घेतली. दोन खोके, दोन्हींना भोकं पाडलेली. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे आत, आणि तो म्हणाला, "बहिणीला सोबत." बोलून झाल्यावर आपण असं का म्हणालो हे त्यालाच कळेना.

ताईनं दोघींना अंगणात सोडलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. कोचीनचे पिसं असलेले पाय बघून तिनं तिला पायमोजेवाली म्हटलं आणि दुसरीला टोपीवाली. पांढऱ्या कोंबड्या लांब उभ्या राहून बघत होत्या. खाणीच्या पहारेकऱ्याचा कोंबडा होताच. तो दिवसभर ताईच्याच अंगणात पडलेला असायचा.

सहा आठवडे काही झालं नाही. टोपीवाली एक दिवसाआड अंडं द्यायची, तेही ताईच्या पाणी तापवायच्या चुलीमागे. ताई ती अंडी कोरड्या भुशात वेगळी ठेवत गेली. मग एका दुपारी तिचा फोन आला.

"पायमोजेवाली उठत नाही."

पारा पिशवी भरायला लागला. बायको दारात उभी राहून बघत होती. "बाळंतपणाला निघाल्यासारखे निघालात," ती म्हणाली. "किती दिवस?"

"एकवीस."

ती हसली, पण त्यानं खरंच तीन आठवड्यांचे कपडे घेतले आणि बरोबर एक डिजिटल थर्मामीटर, तार लावलेला, एक वही आणि अंड्यात बघायची बॅटरी.

ताईच्या मागच्या पडवीत, लाकडाच्या जुन्या पेटीत पायमोजेवाली बसली होती. पारा गुडघ्यावर टेकला आणि त्यानं हात आत घातला. कोंबडी फुलली. पंख पसरले. घशातून तो आवाज निघाला, खालून येणारा, खरखरीत. मनगटावर चोच बसली. तिच्या छातीखालची पिसं गळून उघडी पडलेली कातडी त्याच्या बोटांना लागली, गरम, अगदी गरम. आणि त्याच क्षणी त्याचा डावा हात आपणहून खिशाकडे गेला, कडी काढायला.

तो तसाच थांबला. एकोणीस वर्षं झाली होती ते काम सोडून. हाताला अजून माहीत होतं.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"काही नाही. बसली आहे. पक्की."

तो उठून अंगणात गेला आणि बराच वेळ हौदाशी उभा राहिला. अकरा वर्षं रोज सकाळी त्याला ही ऊब हाताला लागली होती, आणि तिचा अर्थ एकच होता, की ही बाद. त्याला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. काम होतं, कोणीतरी करायचंच होतं, आणि शहराला अंडी लागत होती. पण त्या कोंबड्या काय करत होत्या हे त्यानं एकदाही शेवटपर्यंत पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी टोपीवालीची नऊ अंडी पायमोजेवालीखाली ठेवली. तिनं चोचीनं एकेक ओढून पोटाखाली घेतलं, जागा केली आणि डोळे मिटले.

पहिले काही दिवस पारा नुसता बघत राहिला. यंत्रात अंडी तासातासाला फिरवावी लागतात, नाहीतर पिल्लू टरफलाला चिकटतं. ही आपण होऊन फिरवत होती. बाहेरची आत, आतली बाहेर. कोणी शिकवलं नव्हतं. दिवसातून एकदा ती उठायची, खायची, पाणी प्यायची, धुळीत अंग घुसळायची आणि परत यायची. तेवढी पंधरा मिनिटं पारा एकेक करून मोजायचा. यंत्राचं दार इतका वेळ उघडं राहिलं असतं तर केंद्रात घंटा वाजल्या असत्या.

"गार पडतायत," तो म्हणायचा.

"पडू देत थोडी," ताई म्हणायची. "तिला माहीत आहे."

पण त्याच्यानं राहवेना. त्यानं थर्मामीटरची तार पेटीत घातली. दर दोन तासांनी तो आकडा वहीत लिहायचा. आकडा कमी आला की कोंबडीला जरा उचलून तार नीट करायची. आकडा जास्त आला तरी तेच. मग एकेक अंडं काढून बॅटरीवर धरायचं, आत लाल रेषांचं जाळं दिसतंय ना, ठिपका हलतोय ना, ते बघायचं. ताई सांगून थकली. "अरे, तिला उठवू नकोस सारखं." तो म्हणायचा, हे शेवटचं. बाराव्या दिवशी हलवाहलवीत दोन अंडी पायमोजेवालीच्या पायाखाली फुटली. त्यानं घाण साफ केली, म्हणजे पुन्हा तिला उचललं.

संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून चहा प्यायची. तेव्हाही पारा दुसऱ्या वहीत लिहिल्यासारखे प्रश्न विचारायचा. गुडघे कसे आहेत? रात्री झोप लागते का? पडलीस तर कळणार कसं कोणाला? खोली रंगवून ठेवली आहे, उजेड चांगला येतो. ताई "बरं" म्हणायची आणि कप विसळायला उठायची.

सतराव्या दिवशी सकाळी पारा पडवीत गेला तर पेटी रिकामी. पायमोजेवाली अंगणात पांढऱ्या कोंबड्यांबरोबर दाणे टिपत होती. त्याला वाटलं, खायला उठली असेल. अर्धा तास गेला. त्यानं तिला उचलून पेटीत ठेवलं, ती उतरली. पुन्हा ठेवलं, पुन्हा उतरली, थांबा आल्यासारखी. तिच्या अंगात आता काही उरलं नव्हतं. ती नुसती कोंबडी होती, सकाळची, भुकेली.

सात अंडी हाताला जेमतेम कोमट लागत होती.

"सुटली," तो म्हणाला. ताई त्याच्या मागे येऊन उभी होती. "कोचीन अशा अर्ध्यात सोडत नाहीत. घड्याळवाला म्हणाला होता, चांगली बसते."

"ती बसली होती," ताई म्हणाली. "तू तिला उठवलंस."

तो वाकून अंडी गोळा करायला लागला.

"दिवसातून दहा वेळा. मी मोजत होते. तिला वाटलं असेल, ही जागा बरी नाही." ती तेवढ्यावर थांबली असती, पण थांबली नाही. तिचा आवाज साधाच होता, भाजी निवडताना बोलतात तसा. "तू मलाही असंच करतोस. दर फोनला. उचलून बघतोस, खाली सगळं ठीक आहे का. मी ठीक असते रे. तू बघितलंस की मलाच वाटायला लागतं, नसेन."

पाऱ्याचे कान गरम झाले. एवढ्या वर्षांत ताईनं त्याला रागावून काही म्हटलं नव्हतं आणि आताही ती रागावली नव्हती, हेच जास्त लागलं. पण हातात अंडी होती, आणि ती गार होत होती, म्हणून वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता.

केंद्र बसनं तीन तास. बस दुपारी. सतरा दिवसांचं पिल्लू स्वतःची थोडी ऊब धरून असतं, पण एवढा वेळ नाही. त्यानं अंडी सदऱ्याच्या आत, पोटाशी धरली. उभा राहिला तसाच, वाकून, हलायची भीती वाटत होती.

ताई आत गेली आणि चुलीमागून हाक मारली. "इकडे ये. ही बघ."

टोपीवाली चुलीमागच्या खोबणीत होती. "कालपासून इथंच आहे," ताई म्हणाली. "परवा संध्याकाळीही होती. मला वाटलं, अंडं घालायला बसली."

"खुडूक आहे का नाही, कळायला तीन रात्री जाव्या लागतात."

"तीन रात्री नाहीत आपल्याकडे. हात घालून बघ. तुला येतं ना ते."

त्यानं अंडी ताईच्या पदरात दिली आणि हात आत घातला. टोपीवाली थोडीशी फुलली. पुरती नाही. चोच मारली, पण लागेल अशी नाही. अर्धी उठली, मग परत टेकली. छातीखाली कातडी थोडी उघडी होती, थोडी झाकलेली. आवाज आला आणि मध्येच बंद पडला. शेडमध्ये अशी कोंबडी आली असती तर त्यानं कडी घातली नसती; पुढच्या घरट्याकडे गेला असता.

"अर्धवट आहे," तो म्हणाला.

"म्हणजे अर्धी तरी आहे," ताई म्हणाली आणि खाली बसून तिनं एकेक अंडं टोपीवालीच्या पंखाखाली सरकवलं. ती तिचीच अंडी होती, पण हे टोपीवालीला माहीत असायचं काही कारण नव्हतं. ती मान वाकडी करून बघत राहिली. तिसऱ्या अंड्याला तिनं चोचीनं ढकललं. चौथं ओढून घेतलं. सातवं घेतल्यावर तिनं अंग खाली सोडलं.

थोड्या वेळानं ताईनं चुलीसमोर एक गोणपाट टांगलं.

"आता तू घरी जा," ती म्हणाली.

"चार दिवसच राहिलेत."

"म्हणूनच."

त्यानं थर्मामीटरची तार गुंडाळली, वही पिशवीत टाकली आणि दुपारची बस धरली. जाताना गोणपाटामागे एकदा डोकवावं असं फार वाटलं. तो डोकावला नाही. अंगणाच्या फाटकाशी वळून बघितलं तेव्हा ताई दारात उभी होती, आणि तिनं हात हलवला नाही, फक्त मान हलवली: जा.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय झालं?" त्यानं सगळं सांगितलं, ताई जे बोलली तेही. बायको ताटं मांडता मांडता थांबली.

"ताई बरोबर बोलल्या," ती म्हणाली. "पण मी असते तर इतकं नीट बोलले नसते."

पुढचे चार दिवस तो घरात नुसता हिंडत होता. मागच्या खोलीत जाऊन बसायचा. भिंती फिकट पिवळ्या रंगवलेल्या, कॉट, उशाशी दिवा, दिव्याचं बटण हाताला येईल असं. ताईला विचारून यातली एकही गोष्ट केली नव्हती. कधीकाळी आपण आजारी असताना ताई उशाशी बसायची ती कशी, हे तो आठवायचा प्रयत्न करत होता. ती कपाळाला हात लावत नसे. दाराशी बसून काहीतरी शिवत असायची, आणि जाग आली की ती तिथं असायची, एवढंच आठवत होतं. फोनकडे त्यानं पन्नासदा पाहिलं. केला नाही. बायको हे सगळं बघत होती आणि तिनं चौथ्या दिवशी न मागता त्याला दुसरा चहा दिला.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"पाच," ताई म्हणाली.

पाऱ्यानं खुर्ची ओढली. "सातातली?"

"एकानं टरफलाला टोच मारली पण बाहेर नाही आलं. एक तसंच राहिलं. पाच आहेत. दोन काळसर, तीन तांबडी. काल दुपारी पहिलं निघालं. टोपीवाली कालपासून हलली नाही, आज सकाळी खाली उतरली आणि मला टोचली. हातातून रक्त काढलं."

"मग पक्की झाली," तो म्हणाला.

"तू येऊ नकोस एवढ्यात. त्यांना घेऊन फिरू दे तिला."

तो महिन्याभरानं गेला. पंख फुटलेली पिल्लं अंगणभर पळत होती. पाचाची चार झाली होती, एक घारीनं नेलं. टोपीवाली आई म्हणून काही फार मायेची निघाली नाही. पाच आठवड्यांतच तिनं पिल्लांना टोचून लांब केलं आणि पुन्हा अंडी घालायला लागली. पायमोजेवाली पुढच्या खेपेला आपण होऊन बसली, कोणी हात लावला नाही, आणि तिनं सहा पिल्लं काढून आठ-नऊ आठवडे पोटाशी धरली. टोपीवालीच्या चार पिल्लांत माद्या दोन निघाल्या. त्यातली एक पुढे बसली, एक बसली नाही. न बसणारीची अंडी ताई कॅन्टीनला द्यायची, बसणारीची भुशात ठेवायची. केंद्रातल्या हिशेबाच्या अगदी उलट, पण पद्धत तीच होती, आणि पारा ते बघून एकदा मोठ्यानं हसला. ताईनं विचारलं, काय झालं. त्यानं सांगितलं. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

पांढऱ्या कोंबड्या एकेक करून गेल्या. शेवटची दोन वर्षांनंतर गेली, म्हातारी होऊन, उन्हात बसल्या बसल्या.

पारा आता महिन्यातून एकदा दोन दिवस जायला लागला. जाताना थर्मामीटर नेत नसे. पाण्याची टाकी गळत होती ती त्यानं नीट केली. खाणीच्या पहारेकऱ्याबरोबर पत्ते खेळला. ताईबरोबर तो जुन्या शाळेबद्दल बोलायचा, वडिलांबद्दल बोलायचा, कधी काहीच बोलायचा नाही. गुडघे कसे आहेत, हा प्रश्न त्याच्या जिभेवर यायचा आणि तो चहाबरोबर गिळायचा. हे त्याला जमायला बरेच दिवस लागले. बायको म्हणाली, चेहऱ्यावर तरी दिसतोच आहे तो प्रश्न, पण असू दे.

एका खेपेला तो परत निघाला होता, पिशवी खांद्याला, बसला अजून अर्धा तास. ताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"डावा गुडघा सुजतो हल्ली," ती म्हणाली. "त्या मोठ्या दवाखान्यात दाखवावं म्हणते. पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे दोन दिवस येईन. नेशील का?"

"नेईन," पारा म्हणाला.

"कोंबड्यांना पहारेकरी दाणे टाकेल. विचारलंय मी त्याला."

"बरं."

"आणि त्या खोलीतला दिवा काढून ठेव. तू म्हणालास ना, उशाशी आहे. मला डोळ्यावर उजेड चालत नाही."

तो "बरं" म्हणाला, पिशवी खाली ठेवली आणि बस यायची वेळ होईपर्यंत तिच्याबरोबर तांदूळ निवडत बसला.